आजारी कोंबडीची घरच्या घरी शुश्रूषा : आधी ऊब, मग पाणी, मग दाणा

खाद्याचं भांडं वाजलं की सगळ्या कोंबड्या धावत येतात आणि एक येत नाही. किंवा येते, भांड्यापाशी उभी राहते, दोन-तीनदा चोच आपटते, पण दाणा काही गिळत नाही. आजाराची पहिली खबर बहुतेक वेळा अशीच मिळते. कळपात जी अशक्त दिसते तिला आधी तिच्याच सोबतिणी टोचतात, त्यामुळे दुखणं लपवणं कोंबडीच्या अंगातच भिनलेलं असतं. खाण्याचं नाटक ती बेमालूम करते. म्हणून भरदिवसा पिसं फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून बसलेली कोंबडी दिसली तर ती आज आजारी पडली असं समजू नका. दोन-चार दिवसांपासून दुखणं आहे, आपल्याला आज कळलं, असं धरून कामाला लागायचं.

अशा वेळी आपला हात आधी औषधाकडे जातो. घरात कुठलीतरी उरलेली बाटली असते, कुणीतरी ‘हे दे, आमच्या कोंबडीला लागू पडलं होतं’ म्हणतं, आणि एका दिवसात तीन औषधं त्या मुक्या जिवाच्या घशात जातात. माझ्या पहिल्या दोन कोंबड्या अशाच गेल्या. आता मी क्रम पाळते : ऊब, पाणी, दाणा आणि सगळ्यात शेवटी औषध. गारठलेल्या कोंबडीचं पचन मंदावलेलं असतं. तिने खाल्लेला दाणा पुढे सरकत नाही, गळ्याखालच्या पिशवीतच आंबतो. अंगातलं पाणी आटलेल्या कोंबडीला दिलेल्या औषधाचा भार तिच्या मूत्रपिंडांवर पडतो. क्रम चुकला की चांगलं खाद्यही वाया जातं आणि योग्य औषधही.

आजारी आहे की खुडूक?

हे सगळ्यात आधी पाहा. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांची निम्मी धावपळ खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीपायी होते. खुडूकही कोपऱ्यात पिसं फुलवून बसते, जेमतेम खाते, दिवसातून एक-दोनदा उठते आणि भलीमोठी, घाण वासाची शीट टाकते. तुराही जरा फिका पडतो. पण तिच्या जवळ हात नेऊन बघा. अंग फुगवेल, कुरकुरेल, चोच मारेल, आणि डोळे लख्ख असतील. आजारी कोंबडी असा विरोध करत नाही. एरवी हाताला न लागणारी कोंबडी निमूट हातात आली, तर ते सगळ्यात मोठं लक्षण.

पिसं गळायच्या दिवसांतही कोंबडी उदास दिसते, अंडी थांबतात, नवी पिसं काट्यासारखी बाहेर येत असल्याने कुणी हात लावलेला तिला सोसत नाही. तरी ती खाते-पिते. कडक उन्हात चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारी कोंबडी सावलीत, थंड पाण्याजवळ नेली की थोड्या वेळात सावरते. सावरली नाही तर मात्र पुढे वाचा.

वेगळी ठेवा, ऊब द्या

पहिलं काम म्हणजे तिला कळपातून बाजूला काढणं. बाकीच्यांना लागण होऊ नये हे एक कारण झालं. पण बाकीच्यांनी तिला टोचू नये, आणि ती किती खाते, किती पिते, कशी शीट टाकते हे आपल्याला नेमकं दिसावं, हेही तितकंच महत्त्वाचं. पुठ्ठ्याचं मोठं खोकं, प्लास्टिकचा क्रेट, मांजराचा पिंजरा, काहीही चालतं. तिला उभं राहून वळता आलं पाहिजे, पण फडफडून दमता येऊ नये, एवढीच जागा हवी. खाली जुना टॉवेल किंवा कागद अंथरा. भुसा नको, कारण भुशात शीट कळत नाही आणि धूळ श्वासात जाते.

आजारी मोठ्या कोंबडीला साधारण २७ ते २९ अंश सेल्सियसची ऊब मानवते. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू तशीच सोडा, म्हणजे नकोसं झालं तर ती स्वतः सरकेल. चोच उघडून धापा टाकू लागली की ऊब जास्त झाली. दिवा वापरणार असाल तर तो घट्ट बांधा. कोरड्या गवताच्या खुराड्यात सैल बांधलेला दिवा पडला की आग लागायला वेळ लागत नाही. उष्णता देण्यासाठी खास बनवलेल्या काही बल्बांवर नॉनस्टिक भांड्यासारखाच लेप असतो. तापलेल्या लेपाचा धूर माणसाला जाणवतही नाही, पक्षी मात्र त्याने काही मिनिटांत मरतो. म्हणून बल्ब घेताना लेप नसलेला घ्या, आणि खोकं स्वयंपाकघराजवळ कधीच ठेवू नका.

थर्मामीटर नसेल तर हाताने ताप पाहायचा खटाटोप करू नका. धडधाकट कोंबडीचंच अंग साधारण ४१ अंश असतं, आपल्या हाताला ती नेहमीच तापलेली लागणार. उलट पाय आणि तुरा गार लागले तर ते काळजीचं.

डोक्यापासून पायापर्यंत

उचललीच आहे तर दहा मिनिटांत नीट तपासून घ्या. सारखी सारखी धरू नका, धरलं जाणं हाच तिला मोठा ताण असतो. टॉवेलात सैल गुंडाळा, डोकं बाहेर ठेवा. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच तिच्या अंगात हवा जाते. छाती घट्ट आवळून धरली, की आपण तिला धरलेलं नसतं, तिचा श्वास धरलेला असतो. उताणीही करू नका.

तुरा बघा. फिकट असेल तर रक्त कमी झालंय : अंगावर माइट (किड्यांसारखे बारीक परजीवी), पोटात जंत किंवा आतून रक्तस्राव. जांभळट असेल तर रक्ताला हवा पुरत नाहीये, म्हणजे श्वासाचा किंवा हृदयाचा प्रश्न. डोळ्यांत फेस, सूज, चिकटा आहे का? नाकपुड्या कोरड्या आहेत का? चोच हलकेच उघडून आत बघा. पिवळट, दह्याच्या कवडीसारखे थर दिसले, तर ते ओरबाडू नका, खालून रक्त येतं. तोंडाला नाक लावून वासही घ्या. किळस वाटते खरी, पण आंबूस वास आला तर निम्मं निदान तिथेच होतं.

मग अन्नपिशवी. गळ्याच्या बुडाशी, छातीच्या वर, कोंबडीच्या किंचित उजव्या अंगाला ही पिशवी असते. काही जण तिला क्रॉप म्हणतात. संध्याकाळी ती भरलेली आणि पहाटे, पहिला दाणा पोटात जाण्याआधी, रिकामी असायला हवी. पहाटे भरलेली लागली तर काहीतरी अडलंय. संध्याकाळी रिकामी असेल तर ती दिवसभर जेवलेली नाही.

पिशवीखालून छातीच्या हाडावर बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं लागत असेल तर आजार जुना आहे, तुम्हाला आज दिसला इतकंच. पोट, म्हणजे छातीच्या हाडामागचा मऊ भाग, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागतंय की कडक? शेपटीखालची जागा ओली, माखलेली आहे का? तिथली पिसं बाजूला करून मुळाशी बघा. पंखांखाली बघा. पायांच्या तळव्यांवर काळी खपली आहे का, पायाचे खवले उचललेत का, हे पाहून तपासणी संपवा.

शेवटी वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून घेतलं तरी चालेल, फक्त टोपली नंतर तिथे परत नेऊ नका. आज घेतलेला आकडा उद्या कामाला येतो. डोळ्यांना कोंबडी ‘बरी दिसतेय’ असं वाटत असतं आणि काटा रोज पन्नास ग्रॅम खाली जात असतो. आपल्या डोळ्यांना बरंच काही हवं असतं म्हणून दिसतं. वजन रोज सकाळी, काही खाण्याआधी घ्यायचं आणि लिहून ठेवायचं.

पाणी

ऊब मिळून तास-दीड तास झाला, कोंबडीने डोळे उघडे ठेवले, की पाणी. ते कोमट असावं. चोचीचं टोक पाण्यात बुडवलं तर बहुतेक कोंबड्या आपणहून पितात.

पीत नसेल तर ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज लागते, आणि बहुतेक अपघात इथेच होतात. माझ्या हातून झालेला सांगते. चोच उघडली, सिरिंज जिभेवर टेकवली आणि एका दमात पाच मिलिलिटर सोडलं. कोंबडीने एकदा मान झटकली, घशातून खुरखुर आली आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशी एक फट दिसते, ती उघडझाप करत असते. ती श्वासनलिकेची वाट आहे. जिभेवर ओतलेलं पाणी सरळ तिथे उतरतं. म्हणून चोच उघडायचीच नाही. चोचीच्या कडेला, बाहेरून, एक थेंब टेकवायचा. तो ती आत ओढून घेते, गिळते. गिळल्याचं दिसलं की पुढचा थेंब. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा सोपा रस्ता नाही. मान टाकलेल्या, गिळू न शकणाऱ्या कोंबडीला तोंडाने काहीच द्यायचं नाही. नळीने अन्नपिशवीत पाणी सोडता येतं, मात्र ते पशुवैद्यकाने समोर बसवून शिकवल्यावरच करायचं.

जुलाब झालेल्या किंवा उन्हाने कोमेजलेल्या कोंबडीला क्षारांचं पाणी द्या : १ लिटर पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा आणि एक चमचा साखर. चमचा चहाचा, सपाट. मिठाच्या बाबतीत हात सैल सोडू नका, पक्ष्यांना जास्तीचं मीठ बाधतं. हे पाणी एक-दोन दिवसच, रोज ताजं, आणि शेजारी साधं पाणीही ठेवा.

दाणा

पाणी पोटात राहिलं आणि अन्नपिशवी तुंबलेली नसली, की मगच खाद्य. तिचं रोजचंच खाद्य कोमट पाण्यात भिजवून लगदा करा. नव्या पदार्थांची रांग लावायची ही वेळ नव्हे. फारच नखरे असतील तर उकडलेलं अंडं बारीक कुस्करून वर भुरभुरवा. पिवळ्या रंगाला चोच जातेच, आणि एकदा चोच गेली की बाकीचंही टिपलं जातं. भांडं जमिनीवर बोटाने टकटक वाजवा. कोंबडी पिल्लांना दाणा दाखवते तेव्हा असंच करते, आणि मोठ्या कोंबड्याही त्या आवाजाला फसतात. भिजवलेलं खाद्य दोन-तीन तासांत काढून टाका, उबेत ते लवकर आंबतं.

मोठी अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि पाणी त्याच्या साधारण दुप्पट पिते. आजारी कोंबडी पहिल्या दिवशी याच्या पाव हिश्शावर आली तरी मी समाधान मानते.

शीट वाचायला शिका

खोक्यात कागद अंथरला तो यासाठी. दर काही तासांनी कागद बदला आणि फेकण्याआधी बघा. चांगली शीट तपकिरी, बऱ्यापैकी घट्ट, वर पांढरी टोपी असलेली असते. ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी. दर आठ-दहा शिटांमागे एक चॉकलेटी, चिकट, भयंकर वासाची येते. तिला घाबरू नका, आंधळ्या आतड्यातून येणारी ती नेहमीचीच.

हिरवीगार, पातळ शीट म्हणजे पोटात अन्न नाही, नुसतं पित्त उतरतंय. उपाशी कोंबडीत हे दिसतं, गंभीर आजारांतही दिसतं. भरपूर पांढरं पाणी आणि मध्ये थोडंसं काही, म्हणजे मूत्रपिंडांचा त्रास किंवा नुसतं खूप पाणी पिणं. लांबट धाग्यांसारखे जंत कधी दिसतात, पण दिसले नाहीत म्हणजे पोटात नाहीत असं नाही. शिटेची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली करून घेणं हाच खरा मार्ग.

आणि रक्त. शिटेत लाल रक्त, पंख पाडून बसलेली तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) किंवा पिल्लं, ही रक्ती हगवणीची खूण. आयमेरिया नावाचे परजीवी आतड्याचं अस्तर फोडतात. इथे मात्र उद्यावर ढकलू नका. ॲम्प्रोलियम हे यावरचं जुनं, पाण्यातून द्यायचं औषध. मात्रा वेष्टनावर असते तीच पाळायची. एक बारकावा असा, की हे औषध परजीवीला जीवनसत्त्व ब-१ मिळू देत नाही, म्हणून काम करतं. ‘ताकद यावी’ म्हणून त्याच वेळी ब-१ असलेलं टॉनिक दिलंत, की औषधाचं काम तुम्हीच पुसलंत. दुसरीकडे खुराड्यातलं ओलं अंथरूण काढून टाका. या परजीवीची अंडी शिटेतून पडल्यावर ओलसर उबेत एक-दोन दिवसांत लागणीला तयार होतात. कोरड्या जागेत त्यांचं फारसं चालत नाही.

अन्नपिशवी अडली तर

दोन प्रकार असतात आणि हाताला दोन्ही निराळे लागतात. पिशवी घट्ट, कणकेच्या गोळ्यासारखी लागली तर आत बहुधा लांब गवत, दोरा, पिसं यांची गुठळी झालीय. मऊ, पाण्याच्या पिशवीसारखी डुचमळत असेल आणि तोंडाला आंबूस वास असेल तर आतलं आंबलंय, बुरशी माजलीय.

दोन्हींत अर्धा ते एक दिवस दाणा बंद, पाणी चालू. घट्ट असेल तर दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन मिनिटं, बोटांनी हलकेच चोळून गुठळी सैल करायची. वरच्या दिशेने दाबायचं नाही. आंबलेल्या पिशवीला चोळूच नका, आतलं पाणी घशात चढतं. कोंबडी उलटी धरून पिशवी ओकवायची एक पद्धत सर्रास सांगितली जाते. करू नका, ते आंबलेलं पाणी श्वासनलिकेत गेलं की कोंबडी हातातच जाते. घशात तेल ओतणंही तसंच, फुफ्फुसात उतरलेलं तेल बाहेर काढता येत नाही. दुसऱ्या पहाटेही पिशवी तशीच असेल तर पशुवैद्यकाकडे जा. बुरशीचं औषध लागेल किंवा छोटी शस्त्रक्रिया.

अंडं अडकलं तर

आमची तांबडी एका सकाळी अंड्याच्या खोक्यात शिरायची, बाहेर यायची, परत शिरायची. दुपारी बाहेर येऊन उभी राहिली ती छाती वर, शेपटी खाली, अगदी पेंग्विनसारखी. शेपटी दर थोड्या वेळाने वर-खाली होत होती. शेपटीखाली पोटावर हात फिरवला तर आत अंड्याचा गोलावा स्पष्ट लागला.

टपात कोमट पाणी घेतलं, आपल्या मनगटाला सुखद वाटेल इतपत, म्हणजे ३८ ते ४० अंश. पोट आणि मागची जागा बुडेल एवढं. पहिली दोन मिनिटं तिने पंख आपटून मला भिजवलं. मग अंग सैल सोडलं आणि मान माझ्या कोपरावर टेकवून डोळे मिटले. पाणी गार होऊ न देता पंधरा-वीस मिनिटं ठेवली, टॉवेलने टिपून, लांबून कोमट वाऱ्यावर वाळवली. ओली कोंबडी गारठते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. शेपटीखाली थोडं पेट्रोलियम जेली लावलं आणि अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवून दार लावून घेतलं. सारखं डोकावायचं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. दोन तासांनी पाहिलं तर अंडं पडलेलं, खरखरीत कवचाचं, मधोमध वळ उमटलेलं.

एका अंड्याला तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास नुसत्या कवचाचे. त्या कवचाला कॅल्शियम लागतं, आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागतं. कॅल्शियम कमी पडलं की दोन्ही बिघडतात. अशा वेळी कॅल्शियम द्यावं, मात्रा वजनावरून पशुवैद्यकाला फोनवर विचारून घ्यावी. एरवी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवलेला असावा.

पोट दाबून अंडं बाहेर काढायचा मोह आवरा. आत फुटलं तर कवचाचे तुकडे अंडनलिका कापतात, संसर्ग पोटात पसरतो. दिवसातून दोन-तीनदा शेक देऊनही चोवीस तासांत अंडं आलं नाही, किंवा कोंबडी मध्येच मलूल झाली, तर घरचे उपाय संपले. पेंग्विनसारखी उभी राहणारी प्रत्येक कोंबडी अडलेली नसते, हेही सांगून ठेवते. पोट पाण्याच्या फुग्यासारखं असेल तर दुखणं वेगळं आहे, शेकाने ते जाणार नाही.

जोर लावताना मागून लाल मांस बाहेर आलं असेल तर ती कोंबडी त्या क्षणी वेगळी करा. लाल दिसलं की बाकीच्या टोचतात आणि आतडी ओढून काढेपर्यंत थांबत नाहीत. कोमट मिठाच्या पाण्याने ते धुवा, वर साखर भुरभुरवा. साखर पाणी ओढून घेते, सूज उतरते. मग हातमोजा घालून, जेली लावून, हलक्या दाबाने आत सारा. पुन्हा बाहेर आलं तर पशुवैद्यक.

शिंका, खुरखुर, सुजलेले डोळे

एखादी शिंक धुळीनेही येते. खुराड्यात गुडघे टेकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर ओल्या अंथरुणातला अमोनिया हेच कारण असू शकतं, आणि अंथरूण बदलणं हाच उपाय. फेसाळ डोळे, वाहतं नाक, रात्री ऐकू येणारी खुरखुर, हे मायकोप्लाझ्मासारख्या संसर्गाचं काम. औषधाने लक्षणं दबतात, पण कोंबडी आयुष्यभर वाहक राहते. अशा कळपातून पक्षी कुणाला देऊ नका आणि नवा आणताना दहादा विचार करा. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळ्या खपल्या आल्या तर तो देवीचा आजार. डास पसरवतात, विषाणूवर औषध नाही. खपल्या न खरवडता तीन-चार आठवडे सांभाळायचं.

अंगावरचे पाहुणे

उवा अंगावरच राहतात, लिखा शेपटीखालच्या पिसांच्या मुळाशी साखरेच्या खड्यांसारख्या चिकटलेल्या दिसतात. लाल माइट मात्र दिवसा कोंबडीवर सापडणारच नाहीत. ते कोंबड्यांच्या बसायच्या दांडीच्या फटीत लपतात, रात्री येऊन रक्त पितात. रात्री टॉर्च घेऊन जा, दांडीच्या खालच्या अंगावर पांढरा कागद घासा. लाल रेघा उमटल्या तर फिक्या तुऱ्याचं कारण सापडलं. कोंबड्यांसाठीचीच पावडर वापरा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावा, कारण पहिल्या खेपेला अंडी मरत नाहीत. खुराड्याच्या फटीही तितक्याच मनापासून साफ करा, रक्ताशिवाय हे माइट कित्येक महिने तग धरतात. पावडरीत परमेथ्रिन असेल तर घरातलं मांजर लांब ठेवा, त्याच्यासाठी ते विष आहे.

पाय आणि जखमा

तळव्यावर काळी खपली आणि सूज असेल तर आत पू साचून घट्ट झालेला असतो. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय दहा मिनिटं भिजवा, आयोडीन लावा, स्वच्छ पट्टी बांधा, बसायची दांडी गुळगुळीत आणि बुटकी करा. ब्लेड घेऊन खपली कोरणं भूल दिल्याशिवाय क्रौर्य आहे. खवले उचलले असतील तर त्याखाली माइट आहेत. काही आठवडे पेट्रोलियम जेलीचा जाड लेप दिला की ते गुदमरतात.

जखम धुवायला १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ. कुत्र्या-मांजराने धरलं असेल तर जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा, दातांतले जंतू आत खोल गेलेले असतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात जखमेत आणि माखलेल्या मागच्या पिसांत चोवीस तासांत अळ्या पडू शकतात. रोज पिसं उचलून बघा.

घरी थांबायचं नाही, ते प्रसंग

एक-दोन दिवसांत एकापेक्षा जास्त पक्षी अचानक मेले, डोकी सुजली, तुरे काळे-निळे पडले, माना वळल्या, तर शुश्रूषा थांबवा. राणीखेत (म्हणजेच मानमोडी) किंवा बर्ड फ्लू असू शकतो. दोन्ही विषाणूंचे आजार, घरात त्यांवर इलाज नाही, आणि बर्ड फ्लू माणसालाही होतो. मेलेला पक्षी कापू नका, उघड्या हाताने उचलू नका, कुणाला देऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवा आणि ते येईपर्यंत कळपातून काहीही बाहेर जाऊ देऊ नका, अंडीसुद्धा.

एक पाय पुढे आणि एक मागे टाकून लुळी पडलेली तलंग बहुधा मॅरेक या विषाणूच्या आजाराची असते. याची लस अंड्यातून बाहेर आल्या दिवशी द्यायची असते. नंतर उपचार नाही. श्वासासाठी मान ताणणारी, चोवीस तास काहीच न गिळलेली, वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलेली कोंबडीही पशुवैद्यकाकडेच गेली पाहिजे. उपचारापलीकडे गेलेली असेल तर तिला वेदनेविना मरण देण्याबद्दल स्पष्ट विचारा. मी एकदा तीन दिवस उशिरा विचारलं. ते तीन दिवस तिच्यासाठी नव्हते, माझ्यासाठी होते.

आजार न कळता एखादी मेली, तर दोन पिशव्यांत बांधून, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी, थंड ठेवा आणि शवविच्छेदनाला द्या. गोठवू नका, गोठलं की आतल्या खुणा पुसल्या जातात. उरलेल्या कोंबड्या वाचवण्यासाठी मेलेल्या कोंबडीइतकी माहिती कुणाकडेच नसते.

औषधाबद्दल थोडं

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका. प्रतिजैविक दिलंत तर सांगितलेले सगळे दिवस द्या. कोंबडी तिसऱ्या दिवशी टुणटुणीत झाली म्हणून बाटली कपाटात ठेवली, की पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी-मांस खायचं नाही, हे डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे. आजारी कोंबडीचं काम नेहमी शेवटी करा, आधी धडधाकट कळपाला दाणा-पाणी. तिच्यासाठी वेगळी चप्पल ठेवा, हात साबणाने धुवा. कोंबडीच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, आणि कोंबडीला त्याने काही होत नसलं तरी आपल्याला होतं.

कळपात परत

दोन-तीन दिवस नीट खाल्लं, वजन चढू लागलं, शीट सुधारली, की परतीची तयारी. एकदम सोडू नका. आठवडाभर बाहेर असलेली कोंबडी कळपाच्या हिशेबात परकी होते, आणि तिची जुनी जागा एव्हाना दुसरीने घेतलेली असते. उबेत राहिलेली असल्याने आधी खोक्यातली ऊब रोज थोडी कमी करा. मग तिचा पिंजरा दोन-तीन दिवस बाकीच्यांच्या शेजारी ठेवा, मध्ये जाळी. जाळीतून एकमेकींना बघत दाणा टिपू दे. त्यानंतर अंधार पडल्यावर, सगळ्या पेंगत असताना, तिला दांडीवर इतरांच्या मध्ये बसवा.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिथे हजर राहा. खाद्याची आणि पाण्याची दोन-दोन भांडी लांब लांब ठेवा, म्हणजे एकीने एक अडवलं तरी तिला दुसरं मिळेल. एक-दोन टोचे, थोडा पाठलाग होणारच. रक्त दिसलं किंवा ती कोपऱ्यात डोकं खुपसून उभी राहिली, तर परत जाळीआड घ्या आणि चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा. त्यापुढे आठवडाभर तरी रोज रात्री दांडीवरच तिची अन्नपिशवी चाचपून बघा, भरलीय की नाही ते.